वरची शाळा, खालची शाळा आणि कलम चार

परिपत्रकात एकंदर सतरा कलमं होती, आणि जगदेव मास्तरांनी ती सतराही वाचली. घोळ सुरू झाला तो इथून. शहाणा माणूस सरकारी परिपत्रकाची पहिली ओळ वाचतो, खालची सही बघतो आणि मधला मजकूर देवावर सोडतो. पण जगदेव मास्तर नॉर्मल पास होते. मास्तर होण्याची ती सरकारी परीक्षा एकदा दिली की माणसाला मधला मजकूर सोडता येत नाही.

मजकूर असा होता की, एकाच गावात मैलाच्या आत दोन खासगी शाळा असतील आणि दोन्हींत चाळिसापेक्षा कमी पोरं असतील, तर त्यांनी येत्या सालापासून एक व्हावं. न झाल्यास दोन्हींची ग्रँट बंद. रिठदला अशा दोन शाळा होत्या, एक वरची आणि एक खालची. पावसाळ्यात वरच्या शाळेतलं पाणी खालच्या शाळेत जात असे, एवढाच काय तो दोन्हींतला उंचसखलपणा. वरच्या शाळेत जगदेव मास्तर एकटे आणि पोरं सव्वीस. खालच्या शाळेत पुंजाजी मास्तर एकटे आणि पोरं एकवीस. मधलं अंतर जगदेव मास्तरांच्या पावलांनी चारशे बारा होतं आणि पुंजाजी मास्तरांच्या पावलांनी तीनशे एकसष्ट, कारण पुंजाजींचे पाय लांब होते. कचेरीला कळवताना जगदेव मास्तरांनी दोन्हींची सरासरी काढली आणि ती कशी काढली तेही खाली बारीक अक्षरात लिहिलं.

मास्तरांची झोप उडवली ती कलम चारने. ते म्हणत होतं की एक झालेल्या शाळेला एकच हेडमास्तर राहील. जी शाळा दुसरीला आपल्यात घेईल तिचा हेडमास्तर, त्याचं शिक्षण काहीही असो, आपल्या जागी कायम. जी शाळा बंद होऊन दुसरीत जाईल तिच्या मास्तरला पुढे ठेवायचं, तर तो नॉर्मल पास असलाच पाहिजे.

पुंजाजी मास्तर नॉर्मल पास नव्हते. सातवी पास होते आणि बावीस वर्षं शिकवत होते.

जगदेव मास्तरांनी पाटी घेतली आणि मधोमध रेघ ओढली. डावीकडे लिहिलं: 'खालची शाळा वरच्या शाळेत आली तर: जगदेव हेडमास्तर, पुंजाजी घरी.' उजवीकडे लिहिलं: 'वरची शाळा खालच्या शाळेत गेली तर: पुंजाजी हेडमास्तर, जगदेव दुय्यम, घरी कोणी नाही.' मग बराच वेळ ते तिसरा रकाना शोधत बसले. तो नव्हता.

डावीकडचा 'घरी' हा शब्द लिहायला सोपा होता. पुंजाजींची बायको जाऊन सहा वर्षं झाली होती आणि एकुलती मुलगी हिंगोलीकडे दिलेली. घरी म्हणजे एक चूल, एक खाट आणि शाळा सुटल्यापासून शाळा भरेपर्यंतचा वेळ. तेवढाच त्यांना जड जात असे. म्हणून तर शाळा दहाला भरायची आणि मास्तर आठलाच जाऊन अंगण झाडायचे.

उजवीकडचा 'दुय्यम' हाही शब्द तसा लहानच, पण जगदेव मास्तरांच्या घशात तो दोन दिवस अडकून राहिला. सासुरवाडीहून येणाऱ्या प्रत्येक पत्रावर सासरे 'हेडमास्तर' असं मोठ्या अक्षरात लिहीत. उद्या 'दुय्यम मास्तर' लिहिलं तर पोस्टमन ते तीनदा मोठ्यानं वाचणार, आणि तिसऱ्यांदा वाचेपर्यंत सारी गल्ली दारात येणार.

तिसऱ्या दिवशी त्यांनी पाटी बायकोपुढे ठेवली.

"आता हे कायचं हाय?" सोजरबाईंनी विचारलं. "मांगं एक परिपत्रक आलं तवा तुमी शाळेत संडास बांधाले निंगाले होते. खड्डा अजून तसाच हाय."

"दोन शाळांची एक करा म्हनते सरकार."

"मंग हेडमास्तर कोन?"

मास्तरांनी उजव्या बाजूवर बोट ठेवलं. सोजरबाईंना अक्षरओळख मास्तरांनीच करून दिली होती; त्यांनी एकेक अक्षर जुळवत वाचलं. डावी बाजूही वाचली. मग पदरानं हात पुसत म्हणाल्या, "माह्या बापाले तुमीच लिवा. मी नाई सांगनार." आणि आत गेल्या. मात्र त्या दिवशी भाजीत तेल चांगलंच सुटलेलं होतं आणि भाकरीवर न मागता लोण्याचा गोळा आला. घरच्या ठरावाला मंजुरी मिळाली, असं मास्तर समजले.

एक गोष्ट त्यांनी मनाशी पक्की केली: पुंजाजींना यातलं काही कळता कामा नये. कुणी उपकार केल्याचं कळलं की पुंजाजी मास्तर बेचैन होत. कुणी त्यांना एक भोपळा दिला तर दुसऱ्या दिवशी दोन परत करत, आणि दोन्ही विकत आणलेले असत. कलम चारचा भोपळा त्यांनी मुळीच घेतला नसता.

आता ठराव. कलम सात सांगत होतं की शाळेच्या कमिटीच्या दोनतृतीयांश सभासदांनी तो करावा. वरच्या शाळेची कमिटी कागदावर पाच जणांची. त्यातले एक वारलेले. एक निजामाच्या मुलखात राहायला गेलेले. तिसरे गृहस्थ म्हणाले, "मी कमिटीत हावो? कवापासून?" आणि रागानं निघून गेले. उरले अध्यक्ष उकंडराव आणि चिटणीस म्हणून स्वतः मास्तर. पाचाच्या दोनतृतीयांश म्हणजे तीन आणि एक तृतीयांश. त्यातला तो एक तृतीयांश सभासद कुठून आणायचा हे कलमात नव्हतं. मास्तरांनी कचेरीला लिहून विचारलं. उत्तर आलं: 'मयत सभासदाचा राजीनामा जोडावा.'

शेवटी मास्तरांनी सभेच्या वहीत लिहिलं, 'मयत सभासद सभेस गैरहजर. ठरावास त्यांचा विरोध नाही.' कचेरीने ते मान्य केलं. यावरून, जिवंतपणी सभेला न येण्यापेक्षा मेल्यावर न येणं सरकारदरबारी जास्त जबाबदारीचं धरतात, असं दिसतं.

उकंडराव मात्र जिवंत होते.

"वरची शाळा खालच्या शाळेत?" ते बाजेवर उठून बसले. "मास्तर, पानी वरून खाली जाते. शाळा नाई जात! त्याइची शाळा येऊ द्या ना आपल्यात."

"आली तं आली, मालक. पन कलम अकरा पाहा. जी शाळा दुसरीले घेईन तिच्या अध्यक्षानं दरसाल छप्पर शाकारून द्याव, असं हाय."

उकंडरावांनी छपराकडे नव्हे, आभाळाकडे पाहिलं. "पोट्ट्याइचं कल्यान ज्याच्यात होईन ते करा," ते म्हणाले आणि सही करून पुन्हा आडवे झाले.

कलम आठ: एकत्रीकरणाची नोटीस शाळेच्या दरवाजावर पंधरा दिवस लावावी. इथे नवी अडचण आली. वरच्या शाळेला दरवाजा नव्हता. तीन बाजूंना कुडाच्या भिंती, वर छप्पर, आणि चौथी बाजू मोकळी. मास्तरांनी पुन्हा कचेरीला लिहिलं. उत्तर आलं: 'दरवाजावरच लावावी.'

म्हणून खेमा सुताराला बोलावलं. खेमानं मोकळ्या बाजूला, बरोबर मधोमध, दोन खांब रोवून चौकट उभी केली आणि तिला एक फळी लावली. डावीकडे मोकळं, उजवीकडे मोकळं, मधे दरवाजा. नोटिशीत मास्तरांनी 'दोन्ही शाळा एक होणार' एवढंच लिहिलं; कोण कुणात जाणार ते नाही.

गाव लोटलं. दरवाजा आत उघडावा की बाहेर, यावर दोन तट पडले. एकानं सांगितलं, तोंड दक्षिणेला आहे, विद्या टिकणार नाही. दुसरा म्हणाला, भिंत नसताना दिशा लागू होत नाही. प्रयागबाई नावाची म्हातारी काठी टेकत आली, चौकटीभोवती फिरून बाहेरून आत आणि आतून बाहेर जाऊन आली, आणि म्हणाली, "मास्तर, चोर येईन तं त्याले सांगजा बाप्पा, इकडून ये म्हनून."

मास्तरांचे कान लाल झाले. पण सोजरबाई घरून हळदकुंकू आणि नारळ घेऊन आल्या. चौकट बसली की उंबरठ्याची पूजा करायची असते, मग भिंत असो की नसो. त्यांनी उंबरठ्याला बोटं लावली, नारळ फोडला, खोबऱ्याचे तुकडे पोरांना वाटले. आणि दुसऱ्या दिवसापासून सव्वीसच्या सव्वीस पोरं, दोन्ही बाजू सताड मोकळ्या असताना, ओळीनं दरवाजातूनच येऊ लागली. उशीर झालेला पोरगा बाहेर उभा राहून कडी वाजवायचा. मास्तर जागेवरून त्याला पूर्ण पाहू शकत असत, तरी म्हणत, "कोन हाय?"

मग पालकांची संमती. कलम दहाप्रमाणे ती सही किंवा अंगठा घेऊन आणायची होती. पालक खळ्यावर, नाहीतर कुणाच्या तरी शेतात. मास्तर शाईची बाटली आणि कागद घेऊन आठवडाभर धुळीतून हिंडले. प्रत्येक अंगठ्यामागे एक सल्ला मिळत होता. एक म्हणाला, "दोनाची एक कायले करता, तीन करा." दुसऱ्यानं विचारलं, "एक झाली तं सुट्ट्या दुप्पट होतीन का?" तांड्यावरच्या धनीबाईचा नातू वरच्या शाळेत होता. तिनं अंगठ्याला शाई लावून घेतली आणि अंगठा तसाच हवेत धरला.

"पुंजाजी मास्तर राह्यतीन ना?"

"राह्यतीन."

"माहा पोरगा त्याइच्या शाळेत शिकला होता. हा नातू तुमच्याकडे हाय. तुमी चांगले हा, मास्तर. पन पोरगा अजून रस्त्यानं मास्तर दिसले का धावत जाते. हा नातू तुमाले पाहून झाडामांगं लपते."

आणि तिनं अंगठा उठवला. मास्तरांनी तो वाळेपर्यंत फुंकर घातली. पुढच्या खळ्यावर जाताना ते नेहमीपेक्षा सावकाश चालत होते.

कलम नऊप्रमाणे दोन्ही शाळांनी आपापला ठराव थेट कचेरीत धाडायचा होता. पुंजाजी काय धाडतील याची जगदेव मास्तरांना चिंता नव्हती. पुंजाजी परिपत्रकाची पहिली ओळ वाचणार आणि 'शाळा एक होण्यास आमची मान्यता आहे' एवढं लिहून मोकळे होणार. बाजाराच्या दिवशी दोघं भेटले तेव्हा बोलणं झालं ते इतकंच:

"ठराव धाडला?"

"धाडला. तुमी?"

"धाडला."

"मंग झालं."

"झालं."

दोघांनीही एकमेकांकडे पाहायचं टाळलं आणि दोघंही वांगी घेऊ लागले. जगदेव मास्तरांना तेव्हाच संशय यायला हवा होता, कारण पुंजाजी मास्तर वांगी खात नसत.

महिन्याभरात ज्याचा त्याचा ठराव 'मंजूर' असा शिक्का बसून परत आला. रामनवमी नुकतीच होऊन गेली होती. सोमवारी साडेदहाला जगदेव मास्तरांनी दाखल-खारीजची वही उघडली. पोरगं शाळेत आलं की त्याचं नाव या वहीत दाखल होतं आणि शाळा सोडली की खारीज. त्यांनी सव्वीस नावांपुढे तांबड्या शाईनं रेघ मारली, सव्वीस दाखले लिहिले, एकेकाच्या हातात दिले आणि सही घेतली. एकही गैरहजर नव्हतं, याचाही त्यांना जरा अभिमान वाटला. मग वाशाला टांगलेली 'हेडमास्तर' ही पाटी काढून त्यांनी काखेत मारली आणि पोरांची रांग करून ते खालच्या शाळेकडे निघाले.

साधारण दोनशेव्या पावलावर, तेलघाण्यापाशी, समोरून एक रांग येताना दिसली. रांगेच्या पुढे लांब पाय टाकत पुंजाजी मास्तर. प्रत्येक पोराच्या हातात एकेक दाखला.

दोन्ही रांगा थांबल्या. घाण्याचा बैल तेवढा फिरत राहिला.

"मास्तर, कुठं निंगाले?" पुंजाजींनी विचारलं.

"तुमच्याकडे. आमची शाळा बंद केली, तुमच्यात आलो. तुमी?"

"मी तुमच्याकडे," पुंजाजी म्हणाले. "आमची शाळा बंद केली. तुमच्यात आलो."

मागून एका पोराला सगळ्यांत आधी उमज पडली. "मंजे शाळाच नाई!" तो ओरडला. पाहता पाहता दोन्ही रांगा एक झाल्या. परिपत्रकाच्या सतरा कलमांना जे जमलं नव्हतं ते असं घाण्यापाशी एका क्षणात झालं. आणि ती एक झालेली शाळा ओढ्याकडे पळून गेली.

उरले दोन मास्तर. ते घाण्याच्या सावलीत बसले.

"काहून केलं असं?" जगदेव मास्तर चिडून म्हणाले. "तुमाले कोनं सांगतलं होतं ठरावात एवढं लिवाले? तुमी तं पहिली ओळ वाचता!"

"या टायमाले सगळं वाचलं. तीन दिवस लागले." पुंजाजी जमिनीवर काडीनं रेघा ओढत होते. "कलम चार पायलं. मनात म्हनलं, नॉर्मल पास तुमी, शाळा तुमच्याकडेच येईन, मी तं राहत नाई. तुमाले ते तोंडानं सांगा लागन, तुमाले जड जाईन. त्याच्यापेक्षा आपनच बंद करून द्याव. अन् तुमी काहून केलं?"

"मीबी कलम चारच पायलं."

पुंजाजींनी मान वर केली. आता सारं त्यांच्या ध्यानात आलं, आणि त्यांचा चेहरा पाहून जगदेव मास्तरांना ध्यानात आलं की कलम चारचा भोपळा पोचलेला आहे.

"तुमी माह्यासाठी दुय्यम होऊन राह्यले होते?"

"होऊन राह्यलो होतो. तुमी होऊ देता कुठं!"

दुसऱ्या दिवशी दोघं दमणीला बैल जोडून वाशीमला कचेरीत गेले. हेडक्लार्कनं फाइल काढली, दोन्ही ठराव शेजारी शेजारी ठेवले आणि समाधानानं म्हणाला, "दोन्ही शाळांचे ठराव पाहिजे होते. दोन्ही आहेत. दोन्हींवर दोन्ही शाळांची नावं आहेत. काय चुकलं?"

"साहेब, ही तिच्यात जाते अन् ती हिच्यात जाते."

हेडक्लार्कनं दोन्ही ठराव पहिल्यांदाच वाचले. मग चष्मा काढून पुसला. "म्हणजे काल दोन्ही शाळा बंद झाल्या. बंद शाळा बंद शाळेत जाऊ शकत नाही. आता नवीन शाळा काढावी लागेल. नवीन शाळेत मास्तर फक्त नॉर्मल पास. आणि गुरुवारी डिप्टीसाहेब तपासणीला येताहेत."

"कशाच्या तपासणीले? शाळा तं नाई."

"दौरा ठरलेला आहे," हेडक्लार्क म्हणाला. पण दोघांचे चेहरे पाहून त्यालाही वाईट वाटलं असावं. त्यानं परिपत्रक पुन्हा चाळलं. "कलम पंधरा. पटावर एक जरी नाव उरलं असेल तर शाळा चालू धरतात. पाहा घरी जाऊन."

परतताना दमणी पुंजाजींनी हाकली. मग पुंजाजी म्हणाले, "हिंगोलीले जाईन पोरीकडे. जावई चांगला हाय. त्याइच्या घरी चार नातवंडं हायेत."

"त्याइले शिकवसान?"

"त्याइच्या गावात शाळा हाय, मास्तर. मोठी. चार मास्तर हायेत." आणि ते बैलाच्या शिंगांकडे पाहत राहिले.

बुधवारी सकाळी जगदेव मास्तरांनी दोन्ही वह्या समोर मांडल्या. आपल्या वहीकडे पाहायची गरज नव्हती. आपलं काम चोख होतं. सव्वीस नावं, सव्वीस रेघा, आणि या चोखपणाची त्यांना आयुष्यात पहिल्यांदा लाज वाटली. मग पुंजाजींची वही. नावं एकवीस. रेघा मोजल्या. वीस. पुन्हा मोजल्या. वीसच. मास्तरांचं बोट पानावरून खाली सरकत शेवटच्या ओळीवर थांबलं. 'कमलीबाई रामसिंग. राहणार तांडा. इयत्ता पहिली. वय: चाळीसच्या आसपास.'

"हे कोन हाय?"

"विद्यार्थी," पुंजाजी म्हणाले.

"वय चाळीस?"

"चाळीसच्या आसपास. मी इचारलं होतं. तिनं म्हनलं, लिवा तुमाले वाटन ते. दिवाळीपासून येते, मांगं बसते. वहीत वयाची अट कुठं लिवली नाई, मी तवाच पायलं होतं. दाखल करून घेतली. सध्या पोहरादेवीच्या जत्रेले गेली हाय, म्हनून दाखला द्याचा राह्यला."

जगदेव मास्तर उठून उभे राहिले. "मंजे तुमची शाळा बंद झालीच नाई! आमची झाली. मंजे आमी तुमच्यात आलो. मंजे तुमी हेडमास्तर!"

पुंजाजींनी सावकाश दौत पुढे ओढली, कोरा दाखला घेतला आणि लिहायला लागले: कमलीबाई रामसिंग.

"हे काय करता?"

"दाखला लिवतो. ती आली का देतो. मंग तुमची-माही बरोबरी. नवीन शाळा काढा, तुमी हेडमास्तर. मी असं चुकीनं राहिलेल्या नावाच्या जोरावर खुर्चीत नाई बसत, मास्तर."

जगदेव मास्तरांनी समजावलं, रागावले, हात जोडले, सोजरबाईंना बोलावून आणलं. सोजरबाईंनीही सांगून पाहिलं, पण पुंजाजी ऐकेनात. कलम पंधराप्रमाणे दाखला विद्यार्थ्याच्या हाती पडल्याशिवाय आणि त्यानं सही केल्याशिवाय नाव खारीज होत नव्हतं. त्यामुळे आता सारं एका गोष्टीवर येऊन ठेपलं होतं: कमलीबाई आधी येते की डिप्टीसाहेब.

गुरुवारी दोघंही एकदमच आले.

डिप्टीसाहेब खालच्या शाळेत खुर्चीवर बसून, बंद झालेल्या शाळेची सारी हकीगत कपाळाला आठ्या घालून ऐकत होते. बाहेर पोरांचा घोळका. तेवढ्यात अंगणात बैलगाडी थांबली. अंगावर तीन दिवसांची धूळ, हातात प्रसादाची पुडी आणि बगलेत पाटी घेऊन कमलीबाई उतरली. पायांतली वाहाण दाराशी काढली, आत येऊन आपल्या जागी मागे बसली, आणि मग समोर पाहून म्हणाली, "मास्तर, हा मानूस कोन होय? वर्गात पायताण घालून बसला."

जगदेव मास्तरांनी डोळे मिटून घेतले. डिप्टीसाहेबांनी आपल्या बुटांकडे पाहिलं, वाकून नाड्या सोडल्या, आणि बूट दाराशी नेऊन कमलीबाईच्या वाहाणांशेजारी ठेवले.

"बाई, तुम्ही या शाळेत शिकता?" परत येऊन त्यांनी विचारलं.

"मंग पाटी कायले आनली असती?"

"नाव लिहून दाखवता?"

"नाव तं संक्रांतीलेच झालं. आता मी जोडाक्षरावर हावो."

पुंजाजी उठले. दाखला त्यांनी तिच्यापुढे धरला. "कमलीबाई, हा घे. इथं सही कर. ही शाळा बंद झाली. तुले आता नव्या शाळेत नाव टाका लागन."

"तिथं कोन शिकवन?"

"जगदेव मास्तर. ते नॉर्मल पास हायेत. लय शिकलेले."

"अन् तुमी?"

पुंजाजींनी दाखला आणखी पुढे केला. कमलीबाईनं दाखला हातात घेतला नाही. पदराखाली हात घेऊन ती त्यावरची अक्षरं जुळवत बसली.

"मले नाई पायजे हे," ती म्हणाली. "मी कुठं जाऊन नाई राहिली. मी पोहऱ्याले गेली होती, चार दिवसांची रजा सांगून गेली होती. पोट्टे लहान हायेत, त्याइले कागद देल्ला, त्याइनं घेतला. मले समजते. तुमीच म्हनलं होतं, वाचल्याबिगर सही कराची नाई. म्या वाचला. 'शाळा सोडली' असं लिवलं हाय. म्या सोडली नाई. खोट्या कागदावर मी सही करत नाई, मास्तर."

पुंजाजींनी दाखल्याकडे पाहिलं. आपणच लिहिलेलं वाक्य ते आता पहिल्यांदा वाचत असावेत.

डिप्टीसाहेबांनी दौत मागितली आणि तपासणीच्या वहीत लिहिलं. लिहिलेलं वाचूनही दाखवलं: 'खालची शाळा एका विद्यार्थिनीवर अखंड चालू आहे. वरची शाळा तीत विलीन झाली. हेडमास्तर कलम चारप्रमाणे कायम. दुय्यम मास्तर नॉर्मल पास. सर्व नियमांप्रमाणे.' मग त्यांनी खाली आणखी एक ओळ लिहिली, 'शिस्त उत्तम,' आणि दाराशी जाऊन बूट घातले.

पुंजाजी मास्तर खुर्चीत बसले ते शुक्रवारी, आणि तेही पुढच्या कडेवर, कुणी ऊठ म्हणालं तर उठता यावं असे. सोमवारी जरा मागे सरकले. जगदेव मास्तरांना पहिली आणि दुसरी मिळाली. सासऱ्यांना त्यांनी स्वतः पत्र लिहिलं. उत्तर आलं, त्यावर पत्ता होता, 'जगदेव मास्तर, रिठद', आणि पोस्टमननं तो एकदाच वाचला, तोही हळू.

त्याच आठवड्यात जगदेव मास्तर 'क्ष' शिकवत होते. फळ्यावर तो सुरेख काढला होता, क आणि ष कसे मिळतात तेही नियमासकट सांगितलं होतं. पोरं गप्प. मागून कमलीबाई म्हणाली, "नाई समजलं, मास्तर."

त्यांनी पुन्हा सांगितलं. मग आणखी एकदा.

"तुमी खरंच सांगत असान," कमलीबाई समजुतीनं म्हणाली. "पन पुंजाजी मास्तर जोडाक्षर दुसऱ्या तऱ्हेनं सांगते."

"कसं सांगते?"

"ते मले सांगता नाई येत. ते त्याइलेच इचारा."

जगदेव मास्तरांनी खडू खाली ठेवला. मग त्यांनी पोरांना पाटीवर उजळणी करायला सांगितलं, पलीकडच्या वर्गात गेले आणि सगळ्यांत मागे, तरटपट्टीच्या टोकाला, दोन पोरांच्या मधे मांडी घालून बसले. पुंजाजी मास्तर फळ्याकडे तोंड करून शिकवत होते. त्यांच्या लक्षात काही आलं नाही. शिकवून झाल्यावर वळून त्यांनी, रोजच्या सवयीनं, बोटानं पोरं मोजली. एक जास्त भरलं. त्यांनी पुन्हा मोजली.